दादाच्या बाजूचा ब्रेक

“शांत हो” असं मला कुणी म्हटलं की माझं डोकं दुप्पट तापतं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, तरीही गेला महिनाभर घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता मला तेच सांगत होतं. मी गाडी चालवायच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते आणि त्याचं कारण सर्वानुमते ठरून गेलं होतं. ठिणगी टेन्शन घेते. ठिणगी म्हणजे मी. हे नाव दादाने मी शाळेत असताना ठेवलं आणि ते असं चिकटलं की आता शेजारीही मला त्याच नावाने हाक मारतात.

टेन्शन घालवायच्या बाबतीत आमचं घर फार पुढारलेलं आहे. आईला काळजी लागली की ती सगळ्या डब्यांची झाकणं काढून घासायला बसते. आमचा ओटा चकाकताना दिसला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. वहिनी पार्सलच्या ऑफिसात पॅकिंगचं बघते. तिथून ती हवेचे फुगे असलेलं ते प्लास्टिक घरी आणते आणि सोफ्यावर पाय वर घेऊन एकेक फुगा फोडत बसते. साहेबाने झापलं असेल त्या दिवशी हातभर तुकडा सहज संपतो. भोंगा, म्हणजे दादाची मुलगी, चित्रं रंगवते, तीही रेघेच्या बाहेर जाऊन, मुद्दाम. मी भांडते. समोर माणूस मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्याशी भांडते आणि चहा उकळेपर्यंत मोकळी होते.

एकट्या दादाला यातल्या कशाचीच गरज लागत नाही. दादा गाडी शिकवतो. त्याची स्वतःची शाळा आहे. शाळा म्हणजे एक टेबल, एक पाटी आणि पिवळा पट्टा मारलेली एक गाडी. दिवसभर नवशिकी माणसं त्याला खांबांवर, भिंतींवर आणि समोरून येणाऱ्या बसवर नेऊन घालायचा प्रयत्न करतात आणि हा बाजूच्या सीटवर बसून म्हणतो, “काही होत नाही. सोडा क्लच.” संध्याकाळी घरी येऊन गार पाण्याने हातपाय धुतो, जेवतो, पेपर वाचतो. इतका थंड डोक्याचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि खरं सांगायचं तर कधीकधी मला त्याचा रागही येतो.

मला ते लायसन्स हवं होतं, आणि याच महिन्यात हवं होतं. लग्न मोडून मी दादाकडे परत आले त्याला काही वर्षं झाली. मध्ये एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काउंटरवर उभी राहत होते, ते दुकान बंद पडलं. मग एका रक्त तपासणीच्या लॅबची जाहिरात आली. सकाळी घरोघरी जाऊन नमुने घेणाऱ्या नर्सबाईंना फिरवायला त्यांना गाडी चालवणारी बाई हवी होती. मी जाऊन बोलून आले. लॅबच्या मॅनेजरला मी आवडले, बहुतेक मी फारसं गोड बोलले नाही म्हणून. “पक्कं लायसन्स आणा, जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो,” असं ते म्हणाले. त्या पगारावर मला शिंप्याच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेता येणार होती. रस्त्याकडे खिडकी, कोपऱ्यात ओटा, आणि दाराला माझी स्वतःची कडी. दादाच्या घरात मला काडीचंही कमी नव्हतं. पण आपल्याला काय हवंय हे चाळिशीच्या उंबरठ्यावर कळत असेल तर ते मिळवायचा प्रयत्न तरी करावा, असं मला वाटत होतं.

आणि परीक्षेचा नियम असा की तिसऱ्यांदा नापास झालं की दोन महिने परत बसता येत नाही. माझी तिसरी वेळ पुढच्या आठवड्यात होती.

पहिल्या परीक्षेत मी थांबायच्या पांढऱ्या रेषेवरून गाडी पुढे नेली होती. दुसऱ्या वेळी नेमकं उलटं झालं. परीक्षा घेणाऱ्या बाईंना सगळे ड्रायव्हिंग स्कूलवाले पाठीमागे सिमेंटबाई म्हणतात, कारण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. त्या दादाच्या सीटवर बसल्या, पेपरमिंटची एक गोळी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, “चला.” चढ झाला, वळण झालं, मागे घेऊन गाडी उभी करणंही झालं. मग ती रेषा आली. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि मागच्या वेळेसारखाच तो पायाखाली दगड होऊन बसला. गाडी काही थांबायचं नाव घेईना. मी घाबरले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी गचकन थांबली, इंजिन बंद पडलं आणि बाईंच्या पेपरमिंटची डबी त्यांच्याच मांडीवर सांडली.

“रेषा अजून एक गाडीभर लांब आहे,” गोळ्या वेचता वेचता त्या म्हणाल्या. “मध्ये कुणाची वाट बघताय का?”

कुंपणाबाहेर दादा उभा होता. मी त्याला सांगितलं, “ब्रेक कडक झाला होता.”

“ब्रेक नाही गं. तुझा पाय कडक झाला,” तो म्हणाला. “टेन्शन. निवांत घे.”

झालं. घरी माझ्यावर उपचार सुरू झाले. आईने मला खुर्चीत बसवून नाकाने श्वास घ्यायला, पोटात धरायला आणि हळूहळू सोडायला लावलं, आणि मी सोडताना बोलते म्हणून तो परत घ्यायला लावला. वहिनीने तिच्या साठ्यातलं फुग्याचं प्लास्टिक, तेही मोठ्या फुग्यांचं, गुंडाळून माझ्या पर्समध्ये घातलं. भोंग्याने अर्धा रंगवलेला हत्ती दिला आणि उरलेला मी पूर्ण केल्याशिवाय जेवायला मिळणार नाही असं बजावलं. मी सगळं केलं. हत्ती जांभळा केला. तिसऱ्या दिवशी मी इतकी शांत झाले की दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागली.

पण डोक्यातला एक किडा काही जाईना. मी मैदानातली ती वेळ पुन्हापुन्हा आठवून पाहत होते. रेषा दिसली तेव्हा मी अगदी ठीक होते. पाय ठेवला, ब्रेक कडक लागला, आणि मग मी घाबरले. आधी ब्रेक, मग भीती. घरातले सगळे मला उलटं सांगत होते, आणि मी भांडखोर असेन, पण मला उलटंसुलटं कळतं.

म्हणून दादाने गाडी सर्व्हिसिंगला नेली तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. दादा समोरच्या टपरीवर चहाला गेल्यावर मी मिस्त्रींना गाठलं.

“मिस्त्री, या गाडीचा ब्रेक परीक्षेच्या मैदानात कडक होतो. एरवी लोण्यासारखा असतो.”

मिस्त्री गाडीखाली होते. तिथूनच हसले. “ताई, ब्रेकला काय माहीत आज परीक्षा आहे?”

“तुम्ही बघा तर खरं.”

त्यांनी बघितलं. बाहेर येऊन, हात पुसून, गाडी चौकापर्यंत फिरवूनही आणली. “ब्रेक ठणठणीत आहे. या गाडीचा जरा भारीच असतो. दाबावा लागतो.”

“भारी?”

“लोणीबिणी काही नाही,” ते म्हणाले. “हां, एक होतं. मास्तरांच्या बाजूच्या ब्रेकचा बझर बंद होता. वायर कधीची सुटलेली. ती जोडून दिलीय, सांगा त्यांना.”

शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायापाशी दुसरा ब्रेक असतो, हे मला माहीत होतं. दोन्ही ब्रेक आतून जोडलेले असतात, शिकणारा चुकला तर मास्तरला गाडी थांबवता यावी म्हणून. पण मास्तरने तो दाबला की बझर वाजतो, म्हणजे आपण थांबलो की आपल्याला थांबवलं हे शिकणाऱ्याला कळतं, ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. दादाला सांगायचं मात्र मी विसरले, कारण तो चहा पिऊन आला तोच म्हणाला, “चल, येताना तूच चालव. आणि निवांत.”

त्या “निवांत”ने माझं डोकं फिरलं आणि मी गाडी काढली.

पहिल्या वळणावर मी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडीत कुठेतरी वाजलं, टीं.

“हे काय वाजतंय?” दादाने विचारलं.

“तुझ्या बाजूचा बझर. मिस्त्रींनी जोडलाय.”

पुढे एक सायकलवाला होता, चांगला लांब. टीं. एक बाई फुटपाथवर उभी होती, ती रस्त्यावर उतरलीही नव्हती. टीं. दुसरं वळण आलं, टीं, आणि या वेळी माझं लक्ष रस्त्याबरोबर माझ्या पायाकडेही होतं. मी पाय नुसता टेकवला होता. ब्रेक आपसूक खाली गेला, नेहमीसारखा, अगदी मऊसूत. मला इतके दिवस वाटत होतं की सगळ्या गाड्यांचे ब्रेक असेच असतात, पाय टेकवायचा आणि ते आपले आपण जातात.

पुढे सिग्नल लाल झाला. मी क्लच दाबला आणि उजवा पाय उचलून बाजूला, मॅटवर ठेवला. बझर लांबलचक वाजला. माझ्या समोरचा ब्रेक कुणीही पाय न लावता खाली गेला आणि गाडी रेषेच्या अलीकडे, अगदी नमुन्यादाखल दाखवावी तशी, थांबली.

“दादा,” मी म्हटलं, “माझा उजवा पाय कुठे आहे बघ.”

दादाने खाली पाहिलं. मग आपल्या पायाकडे पाहिलं. तो अजून ब्रेकवरच होता, आणि दादाच्या चेहऱ्यावरून मला कळलं की गाडी आपणच थांबवतोय, हे त्यालाही नवीनच होतं.

हिरवा दिवा लागल्यावर मी गाडी पुढे नेऊन एका शाळेच्या भिंतीजवळ उभी केली आणि तोंड सोडलं. महिनाभर मला श्वास घ्यायला लावले, फुगे फोडायला लावले, जांभळे हत्ती रंगवायला लावले, आणि टेन्शन होतं ते याच्या पायात. मी गाडी थांबवायला शिकलेच नव्हते, कारण मी ती कधी थांबवलीच नव्हती. मैदानात सिमेंटबाई शेजारी बसायच्या, त्यांचा पाय ब्रेकवर नसायचा, आणि ब्रेक जसा असतो तसा लागायचा.

“सवय असते गं,” दादा हळूच म्हणाला. “सगळ्यांनाच थोडा आधार द्यावा लागतो.”

“सगळ्यांना? बघू.”

त्याचे पुढचे विद्यार्थी एक निवृत्त पोस्टमन होते. मी मागच्या सीटवर जाऊन बसले. त्या भल्या माणसाने जन्मभर सायकल चालवलेली, त्यामुळे ते वळताना अख्खे झुकायचे आणि गाडीही त्यांच्याबरोबर झुकेल अशी वाट पाहायचे. त्यांनी एक दुभाजक जवळजवळ ओलांडला. एका टेम्पोला ते असे चाटून गेले की मी डोळे मिटून घेतले. बझर गप्प. दादा खिडकीबाहेर बघत म्हणत होता, “काही होत नाही. सोडा क्लच.” मध्ये एकदा जांभईही दिली. एक कुत्रं अगदी चाकापुढे आलं तेव्हा काय ते एकदा टीं झालं.

पोस्टमन उतरून गेल्यावर मी पुढे येऊन बसले. “आता सांग. ते आजोबा टेम्पोखाली जात होते तरी तुझा पाय हलला नाही. माझ्या वेळी फुटपाथवरची बाई दिसली तरी हलतो. का?”

दादाने डॅशबोर्डवरचं फडकं घेतलं आणि काच पुसायला लागला. पुसलेलीच जागा परत पुसत राहिला. मी गप्प बसले. हे मला सहसा जमत नाही.

“लग्नाच्या वेळी तू मला विचारलं होतंस,” शेवटी तो म्हणाला. “आठवतं? दादा, मला नीटसं कळत नाही, काय करू? मी म्हटलं, जा बिनधास्त, काही होत नाही. दिवसभर लोकांना म्हणतो ना, तसंच म्हटलं.”

“मग?”

“मग काय. एक बॅग घेऊन परत आलीस. निम्मी झाली होतीस.” फडक्याची त्याने घडी घातली, परत उलगडली. “तेव्हापासून तू कुठेही निघालीस ना, की माझा पाय जातो. भाजी आणायला निघालीस तरी जातो. घरी खुर्चीत बसलेला असलो तरी. मला वाटायचं कुणाला दिसत नसेल.”

मी भांडायला सगळे शब्द तयार ठेवले होते. चांगले होते, एकाहून एक. त्यातला एकही तोंडातून निघेना. माझ्या थंड डोक्याच्या दादाला इतकी वर्षं हे आतून जाळत होतं, आणि घरात त्याच्यासाठी ना एक डबा होता घासायला, ना एक फुगा फोडायला. मला रडू आलं. मला रडणं आवडत नाही, म्हणून मी ओरडले.

“लग्न मी केलं. फसले मी. निघून आले तेही मीच. त्याचं श्रेय तू कशाला घेतोस?”

दादाला हसू फुटलं. त्याचं नाक लाल झालं होतं.

“आणि परत आले तेव्हा दार तू उघडलंस,” मी म्हटलं. “का आलीस म्हणून एका शब्दाने विचारलं नाहीस. मी ते कधी विसरणार नाही, दादा. पण आता मला जायचंय. तू पाय काढलास तरच मला जाता येईल.”

घरी मी ही बातमी जेवताना फोडली. वहिनीचा घास हातातच राहिला. “यांना टेन्शन?” ती म्हणाली. “मी तर समजत होते, यांच्यात ती वायरच नाही.” आई उठली आणि डब्यांची झाकणं काढायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावरचे सगळे उपचार दादावर सुरू झाले. आईने त्याला श्वास धरायला शिकवलं. पहिल्याच वळणावर त्याने तो इतका वेळ धरला की मी रस्ता सोडून त्याच्याकडेच बघायला लागले. वहिनीने फुग्यांचं प्लास्टिक दिलं. प्रत्येक फट्ला मी सीटवरून उडत होते, आणि मध्ये मध्ये टीं चालूच होतं. भोंग्याने रंगपेटी पुढे केली, पण चालत्या गाडीत दादा नको म्हणाला. मग आईला सुचलं की पायच वर घ्यायचे. दादाला सीटवर मांडी घालून बसवलं आणि नाहीतरी सोलायचाच आहे म्हणून मांडीवर लसणाचं ताट दिलं. हे मात्र लागू पडतंय असं वाटलं. तो मान खाली घालून पाकळ्या सोलत होता, बझर गप्प होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पायाने गाडी थांबवत होते, कधी रेषेच्या पुढे, कधी फार अलीकडे. मग एक खड्डा आला. ताट उडालं आणि दादाचा पाय लसणातून वाट काढत थेट ब्रेकवर गेला. टीं. दुपारी पोस्टमन गाडीत बसले, त्यांनी दोनदा हुंगलं आणि विचारलं, “सर, आज घरी काय बेत आहे?”

परीक्षा दोन दिवसांवर आली होती. लसूण गोळा करता करता मला एकदम सुचलं ते असं. आम्ही सगळे त्याला गप्प करायचे उपाय शोधत होतो. तो तर आधीच गप्प होता. माझं काय होतं? मी बोलते, ओरडते आणि मोकळी होते.

“दादा,” मी म्हटलं, “उद्या ताटबीट काही नाही. पाय हलवावासा वाटला की तोंड हलवायचं. जे वाटतं ते बोलायचं. मोठ्याने.”

“काय बोलू?”

“भीती वाटते म्हण. आणखी काय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पहिली काही मिनिटं तो लाजला. मग सायकलवाला आला आणि दादा पुटपुटला, “भीती वाटतेय.” बझर वाजला नाही. “मोठ्याने,” मी म्हटलं. वळणावर तो म्हणाला, “भीती वाटतेय, पुढे रिकामं आहे, पण वाटतेय.” आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. समोरून ट्रक येतोय, तो त्याच्या बाजूने जाईल, मला माहीत आहे, पण जाईल ना? ती बाई उतरणार बहुतेक, नाही उतरली, बरं झालं. तू एकटी राहणार, रात्री कुणी दार वाजवलं तर आधी कोण म्हणून विचार. सकाळी लवकर जायचं म्हणजे काही खाऊन जाणार का तू, की तशीच? लॅबची गाडी जुनी असेल, टायर बघून घे. जन्मात तो इतका बोलला नव्हता. आणि गंमत म्हणजे मी गप्प होते. त्याचं सगळं ऐकत होते आणि ब्रेक दाबत होते, भारी होता, मिस्त्री म्हणाले तसा, पण आता मला ठाऊक होतं किती भारी. मध्ये एकदोनदा टीं झालं. दुपारच्या फेरीत एकदाच झालं. परीक्षेच्या सकाळी मैदानापर्यंत मीच चालवत गेले, दादा सबंध वाट घसा बसेपर्यंत बोलला, आणि बझर वाजला नाही.

दादा कुंपणाबाहेर गेला. सिमेंटबाई शेजारी येऊन बसल्या, पेपरमिंट तोंडात टाकलं, आणि या वेळी डबी नीट बंद करून पर्समध्ये ठेवली. “चला,” म्हणाल्या.

चढ झाला. वळण झालं. गाडी मागे घेऊन दोन खांबांमध्ये लावून झाली. समोर पांढरी रेषा आली. भीती वाटत नव्हती असं नाही. चांगलीच वाटत होती. मी मनात म्हटलं, भीती वाटतेय, खोली जाईल याची वाटतेय, नोकरी जाईल याची वाटतेय. आणि पाय दाबला. ब्रेक कडक होता. कडकच असतो तो. मी आणखी थोडा दाबला, मग आणखी थोडा, आणि गाडी रेषेच्या वीतभर अलीकडे उभी राहिली.

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून रेषा पाहिली. मग कागदावर सही केली.

“मागच्या दोन वेळी कुठे होता हा पाय?” त्यांनी विचारलं.

“शिकायचा राहिला होता,” मी म्हटलं.

त्या काही हसल्या नाहीत. पण उतरताना पर्स उघडून त्यांनी एक पेपरमिंट माझ्यापुढे धरलं, आणि दादा म्हणतो की इतक्या वर्षांत त्याने असं कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

मी लॅबला फोन केला. मॅनेजर म्हणाले, सोमवारी या. मग घरी फोन केला, तर वहिनीने तो आईच्या कानाला लावला आणि आई नुसतीच “हो का, हो का” म्हणत राहिली. मागे झाकणांचा आवाज येत नव्हता.

“चल,” मी दादाला म्हटलं. “मी चालवते.”

तो बाजूच्या सीटवर बसला, पट्टा लावला. मी गाडी मोठ्या रस्त्याला काढली आणि त्याच्या बोलण्याची वाट बघायला लागले. पहिला चौक गेला. ट्रक गेला, एक सायकलवाला गेला, मुलांची एक रांगच्या रांग रस्ता ओलांडून गेली. दादा बोलेना. बझरही वाजेना. मला वाटलं, रुसला की काय. सिग्नलला थांबल्यावर मी मान वळवून पाहिलं.

दादा झोपला होता. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. बूट त्याने काढून ठेवले होते आणि दोन्ही पाय सीटवर पोटाशी घेतले होते, लहान मुलं घेतात तसे. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेजारी जागा राहून बसला तो माझ्या शेजारी गाढ झोपला होता. मला इतका आनंद लायसन्स मिळाल्याचाही झाला नव्हता.

आमची गल्ली आली. मी वळले नाही. सरळ पुढे गेले, बाजाराच्या मागच्या रस्त्याने, शिंप्याच्या दुकानावरून, मग नदीकडच्या लांब रस्त्याला लागले. पुढचा सिग्नल लाल झाला तेव्हा मी ब्रेक थोडा आधीपासून, अगदी हळूहळू दाबत आणला. गाडी थांबली आणि दादाची मान जराही हलली नाही.